ई-ग्रामस्वराज आणि महाटेंडर्स : पैसा दिसतो, कंत्राट शोधावं लागतं

आपल्या ग्रामपंचायतीने यंदा कुठली कामं धरलीत, पैसे कुठून आले, किती खर्ची पडले हे घरबसल्या बघायचं असेल तर ई-ग्रामस्वराज ही साईट आहे, फुकट आहे, बघायला लॉगिनही लागत नाही आणि तरी गावात दहा जणांना विचारलं तर नऊ जणांना माहीत नसते म्हणून हे सविस्तर लिहितेय. सोबत महाटेंडर्सचंही, म्हणजे राज्य सरकारच्या ई-निविदांच्या साईटचंही लिहिते, कारण नुसती ई-ग्रामस्वराज बघून अर्धीच गोष्ट कळते. मी सदस्य वगैरे नाही, साधी मतदार आहे, पण गावच्या कामात लक्ष घालते.

आधी चांगलं ते सांगते. 24 एप्रिल 2020 ला, पंचायतराज दिनाला, केंद्राने ही साईट सुरू केली. त्याआधी आराखड्याचं सॉफ्टवेअर वेगळं, हिशोबाचं वेगळं, कामाच्या प्रगतीचं आणखी वेगळं असा प्रकार होता, ते सगळं इथे एका जागी आलं. नियोजनाच्या रिपोर्टमध्ये जायचं, वर्ष निवडायचं, राज्य, जिल्हा, तालुका करत आपल्या ग्रामपंचायतीपर्यंत यायचं की मंजूर कृती आराखडा उघडतो. प्रत्येक कामाचं नाव, त्याचा कोड, अंदाजित रक्कम आणि पैसा कुठल्या योजनेतून येणार ते दिसतं. माझ्या मते साईटवरचं हे एक पान जरी प्रत्येक मतदाराने उघडून बघितलं तरी ग्रामसभेतलं बोलणं बदलेल.

कारण ग्रामसभेत भांडण बहुतेक वेळा चुकीच्या जागी होतं. लोक विचारतात "रस्त्याला पैसे का नाहीत, गटारीलाच कसे काय आले", आणि त्याचं उत्तर आराखड्यात असतं. 15 व्या वित्त आयोगाच्या (म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या) 2021 ते 26 या काळातल्या निधीत 60 टक्के पैसा बंधित, म्हणजे निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी, तो दुसरीकडे वळवता येत नाही, उरलेला 40 टक्के अबंधित, त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. हे माहीत असलं की प्रश्न नीट विचारता येतो, बंधित निधीतून पाण्याचं नक्की काय केलं, अबंधितमधून हेच काम का निवडलं, कुणी सुचवलं, कुठल्या ग्रामसभेत ठराव झाला. सरपंचालाही मग गोल गोल बोलता येत नाही, आणि प्रामाणिक सरपंच असेल तर तिची विनाकारण बोलणी खाण्यातून सुटका होते, ही पण मोठी गोष्ट आहे.

आता आराखडा कसा वाचायचा. एकट्या कामाकडे बघू नका, पूर्ण यादी खाली-वर करून बघा. एकाच वस्तीतलं काँक्रीटीकरण भाग 1, भाग 2, भाग 3 असं दिसलं तर थांबा. कधी त्याला खरं कारण असतं, निधी टप्प्याटप्प्याने येतो, जागेचा वाद असतो. पण ठराविक रकमेच्या वर ई-निविदा काढावी लागते आणि ती मर्यादा चुकवण्यासाठी कामाचे तुकडे पाडायचे नाहीत असा नियमच आहे, म्हणून विचारायचं, शांतपणे, लेखी. दुसरं म्हणजे कामाचं नाव. "गावांतर्गत रस्ता दुरुस्ती" एवढंच लिहिलेलं असेल तर उद्या कुठलाही रस्ता दाखवून बिल काढता येतं. कुणाच्या घरापासून कुठल्या चौकापर्यंत, लांबी किती, हे नावातच यायला पाहिजे. हा दोष साईटचा नाही, नाव गावातूनच भरलं जातं, त्यामुळे ठराव लिहिताना तिथेच उभं राहून नाव नीट लिहून घेणं आपल्या हातात आहे!

पैसे देण्याची पद्धत मला मनापासून आवडली. पीएफएमएसला, म्हणजे केंद्राच्या सरकारी पैसे वाटपाच्या ऑनलाईन यंत्रणेला जोडलेलं असल्यामुळे वित्त आयोगाचा पैसा सरळ कंत्राटदाराच्या किंवा पुरवठादाराच्या खात्यात जातो, आणि त्यासाठी सरपंच आणि ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय) दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. कोऱ्या चेकवर सही घेऊन ठेवण्याचे दिवस यामुळे गेले. फक्त एक बघा, सहीचा डोंगल (डिजिटल सही असलेला पेनड्राईव्हसारखा तुकडा) आणि पासवर्ड सरपंचाकडेच पाहिजे. महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत आणि सरपंचबाईंचा डोंगल नवऱ्याच्या नाहीतर ऑपरेटरच्या खिशात असेल तर त्या दोन सह्यांना काही अर्थ उरत नाही. बायांनो, डोंगल स्वतःच्या पर्समध्ये ठेवा, पेमेंट करताना रक्कम आणि नाव स्वतः वाचा, हे मी हात जोडून सांगते.

आता कमी कुठे पडतं. काम कुणाला दिलं, किती जणांनी निविदा भरल्या, दर अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के खाली गेला हे बघायचं तर महाटेंडर्सवर जावं लागतं. तिथेही बघायला लॉगिन लागत नाही, फक्त कॅप्चा भरायचा. चालू निविदा, शुद्धिपत्रकं, तांत्रिक लिफाफा (पात्रतेचे कागद) कधी उघडला, वित्तीय लिफाफा (भरलेला दर) कधी, कोण पात्र आणि कोण अपात्र हे टप्प्याटप्प्याने कळतं. दर फार खाली गेला म्हणजे पैसे वाचले असं समजू नका, फार कमी दर भरणाऱ्याकडून जादा सुरक्षा अनामत घेतात ती याच भीतीने की नंतर कामातून सिमेंट आणि खडी गायब होईल. अशा कामावर गावाने जास्त लक्ष ठेवायचं.

पण आराखड्यातला कामाचा कोड वेगळा आणि निविदेचा आयडी वेगळा, त्यामुळे दोन्हीकडचं एकच काम जुळवायला नावावरून आणि रकमेवरून शोधत बसावं लागतं, त्यात एकीकडे नाव मराठीत आणि दुसरीकडे इंग्रजीत असलं की अंदाजच बांधायचा. आणि जे काम मर्यादेच्या खाली आहे, दरपत्रकं मागवून दिलंय किंवा ग्रामपंचायतीने स्वतःच यंत्रणा म्हणून केलंय, ते महाटेंडर्सवर सापडतच नाही. छोट्या गावात तर अशीच कामं जास्त. म्हणजे जिथे लक्ष ठेवायची गरज आहे तिथेच कागद कपाटात. आराखड्यातल्या प्रत्येक कामासमोर कार्यारंभ आदेश आणि अंदाजपत्रकाची पीडीएफ उघडली पाहिजे, ही माझी या साईटकडून सगळ्यात मोठी मागणी आहे. खरेदीच्या बाबतीत 2023 मध्ये ई-ग्रामस्वराज जेमला, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाईन बाजाराला जोडलं गेलं, मग बांधकामाच्या बाबतीतही जोडता येईल ना.

मोबाईलवर बघणाऱ्यांसाठी मेरी पंचायत नावाचं ॲप आहे, वरवर बघायला तेवढं पुरतं, पण पूर्ण यादी वाचायची तर कॉम्प्युटरच बरा.

या सगळ्याचा उपयोग वेळेवर केला तरच. पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम 2 ऑक्टोबरपासूनच सुरू होतं, 26 जानेवारीच्या ग्रामसभेत जाऊन नवीन काम सुचवलं तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, ती कागदावर होऊ देऊ नका, पाण्याचे, अंगणवाडीचे, दिव्याचे विषय तिथेच ठरावात येतात. कोरमला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यापैकी जे कमी असेल तेवढे लोक लागतात, तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेत कोण बोलतं ते सगळ्यांना माहीत आहे.

साईटवर जे सापडत नाही त्यासाठी माहिती अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांत उत्तर. "कामाची संपूर्ण माहिती द्या" असं मोघम लिहू नका, कागदाचं नाव घेऊन मागा: ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, दरपत्रकं किंवा निविदेचा तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, पूर्णत्वाचा दाखला. आणि दोष दायित्वाचा कालावधी किती आहे ते करारनाम्यातून मागवाच, कारण तेवढ्या काळात रस्ता उखडला तर कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि ही तारीख गावात कुणाला माहीत नसली की तोच रस्ता पुढच्या आराखड्यात नवीन काम म्हणून येतो.