‘टु’ की ‘आयएनजी’?
इंग्रजीत एका क्रियापदामागून दुसरं आलं की दोन वाटा फुटतात: ‘टु गो’ किंवा ‘गोइंग’. पहिलं इन्फिनिटिव्ह, दुसरं जेरंड. वॉन्ट, डिसाइड, होप, रिफ्यूज यांना ‘टु’ लागतो; एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड यांना आयएनजी. ‘ही सजेस्टेड टु गो’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण बरोबर आहे ‘ही सजेस्टेड गोइंग’. बिगिन आणि स्टार्टला बहुधा दोन्ही चालतात, तिथे डोकं शिणवू नये.

खरी मेख स्टॉप, रिमेंबर, फरगेट यांच्यात आहे. ‘ही स्टॉप्ड टु टॉक’ म्हणजे तो बोलायला थांबला. ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे तो बोलायचा थांबला. हा फरक मराठी कानाला आधीपासून कळतो, म्हणून शिकवताना तो वापरायलाच हवा. ‘रिमेंबर टु लॉक द डोअर’: कुलूप लावायचं लक्षात ठेव, काम अजून व्हायचंय. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’: कुलूप लावल्याचं आठवतंय, काम झालेलं. ‘टु’ पुढे बघतो, आयएनजी मागे, हा आडाखा इथे चोख बसतो. सगळीकडे मात्र लावू नका. सुचवलेली गोष्ट पुढचीच असते, तरी सजेस्टला जेरंडच लागतं.

‘आय लुक फॉरवर्ड टु मीटिंग यू’ ही सर्वांत फसवी जागा. ईमेलमध्ये तिथे हमखास ‘टु मीट’ लिहिलं जातं. पण हा ‘टु’ इन्फिनिटिव्हचा नाही, ‘टु पुणे’मधला आहे. त्याच्यापुढे नाम येतं, किंवा नामासारखं वागणारं ‘मीटिंग’.