चढावर मिसिंग करणारी गाडी आणि ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: काही महिने वापरल्यानंतर

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, नंतर सीएनजी किट बसवलेली. सपाट रस्त्यावर काही त्रास नव्हता. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की मात्र झटके बसायचे आणि पिकअप जायचा. सीएनजीवर जास्त, पेट्रोलवर कमी. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस दिली तर इंजिन अगदी सुरळीत. एका फिटरचं मत इंजेक्टर साफ करा, दुसऱ्याचं टाकीतला पेट्रोल पंप बदला. पैसे घालण्याआधी नेमकं काय होतंय ते बघायचं म्हणून हा ओबीडी स्कॅनर घेतला. ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून ते कोडच्या रूपात नोंदवण्याची सोय.

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात हा बसतो आणि फोनवरच्या ॲपला ब्लूटूथने जोडला जातो. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत सहसा अडचण येत नाही.

पहिल्याच जोडणीत कोड मिळाला: पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट न पेटणं, आपण ज्याला मिसिंग म्हणतो ते). पी०३०० आला असता तर मिसफायर एकाच सिलिंडरशी बांधलेला नाही असा अर्थ झाला असता, आणि मग पेट्रोलचा दाब किंवा हवेची गळती आधी तपासावी लागली असती. पण माझ्या मते कोडपेक्षा मोलाची गोष्ट फ्रीझ फ्रेम. कोड नोंदला गेला त्या क्षणाचे आरपीएम, लोड (इंजिनावरचा भार), वेग, कूलंटचं तापमान त्यात साठवलेलं असतं. माझ्या नोंदीत इंजिन पूर्ण गरम होतं, आरपीएम मध्यम होते आणि लोड ऐंशी टक्क्यांच्या वर. म्हणजे दोष फक्त भाराखाली उघडा पडत होता. उभ्या गाडीला कितीही रेस द्या, इंजिनावर तेवढा भार येतच नाही.

पाय दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगी पाडायला कॉइलला (स्पार्क प्लगला वीज पुरवणारा भाग) जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. सीएनजीला तर पेट्रोलपेक्षाही जास्त लागतं. म्हणून प्लग किंवा कॉइल कमजोर झाली की पहिली तक्रार चढावर आणि गॅसवर येते. माझी लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळत होती.

फ्युएल ट्रिमने (ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंधनात किती वाढ-घट करतोय तो आकडा) मात्र चकवा दिला असता. आकडा पॉझिटिव्हकडे सरकत होता, आणि तेवढ्यावरून पेट्रोल कमी पडतंय असं कुणीही म्हणेल. पण ठिणगी पडली नाही की त्या सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो. सायलेन्सरच्या वाटेवरचा सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो, न जळलेलं पेट्रोल त्याला कळत नाही. त्यामुळे ईसीयू आणखी इंधन सोडतो. एकाच सिलिंडरचा कोड असेल तर निव्वळ ट्रिम बघून पंप बदलू नका.

पुढची परीक्षा फुकटची आहे आणि मला ती सगळ्यात आवडते. इंजिन थंड करून इग्निशन बंद केलं, एक आणि दोन नंबरच्या कॉइल आपसात बदलल्या, कोड पुसला आणि पुन्हा घाट चढलो. फोन बायकोच्या हातात होता. गाडी चालवताना स्क्रीनकडे बघू नये. या वेळी कोड आला पी०३०१. दोष कॉइलबरोबर सरकला होता. कोड दोनवरच राहिला असता तर याच पद्धतीने प्लग बदलून बघायचा, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायचं.

कॉइल काढल्यावर दोन नंबरच्या प्लगच्या खळग्यात ऑइल दिसलं होतंच. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) गॅस्केट झिरपत होतं, त्या ऑइलने कॉइलचं रबरी बूट फुगून चिरलं होतं आणि भार आला की ठिणगी बाजूच्या धातूकडे पळत होती. नुसती कॉइल बदलली असती तर नवीही तशीच गेली असती. गॅस्केट, एक कॉइल आणि चारही प्लग बदलले, प्लगचा गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवला. घाटातले झटके तेव्हापासून गेले.

आता स्कॅनरच्या उणिवा. ब्लूटूथवर आकडे सावकाश येतात; एका वेळी तीन-चारच आकडे लावले तर बरं, नाहीतर क्षणिक झटका त्यात सापडत नाही. सॉकेटला १२ व्होल्ट कायम असतात, म्हणून गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते. बाजारात ‘ईएलएम३२७’ या चिपच्या नावाने मिळणारे बहुतेक स्वस्त स्कॅनर नकली चिपचे आहेत. ‘आवृत्ती १.५’ तर मूळ कॅनेडियन कंपनीने कधी काढलीच नव्हती. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ चालत नाही, बीएलई (कमी वीज घेणारं ब्लूटूथ) किंवा वायफायचं मॉडेल बघा.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागला असेल तर सावकाश गॅरेज गाठता येतं. तो लुकलुकत असेल तर पाय लगेच सैल करा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं आणि तो बदलणं कॉइलच्या कितीतरी पट महाग पडतं. आणि फिटरकडे जाण्याआधी कोड पुसू नका, त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. आधी स्क्रीनशॉट काढा आणि तो त्याला दाखवा.