गाडीत अडकलेली मडक्रचची सीडी, आठ महिन्यांनंतर

मार्चमध्ये माझ्या गाडीच्या प्लेअरमध्ये मडक्रच बँडची सीडी अडकली, ती अजून तिथेच आहे. सर्व्हिसवाल्याने सांगितलं अख्खं युनिट बदलावं लागेल, 640 डॉलर. म्हणलं युनिट नको, सीडी तेवढी काढून द्या, तर नुसतं उघडून बघायचेच 120, वर निघेलच याची गॅरंटी नाही. गाडी तेरा वर्षं जुनी, सीडी सेकंडहँड दुकानातून 4 डॉलरला घेतलेली, मी कशाला देऊ 120? काउंटरवर पाऊण तास हुज्जत घातली आणि तशीच घरी आले. तेव्हापासून रेडिओ नाहीतर मडक्रच, आणि रेडिओवर जाहिरातीच जास्त.

बँडची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल म्हणून थोडक्यात सांगते. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलची ही पोरं, बँड काढला 1970 ला. टॉम पेट्टी, माइक कॅम्पबेल आणि बेनमॉन्ट टेंच हे तिघं पुढे हार्टब्रेकर्स म्हणून जगभर गाजले, पण त्याआधी मडक्रच होता. 1975 ला एक सिंगल आलं, चाललं नाही, बँड मोडला. मग 2007 ला पेट्टीने स्वतःहून जुना गिटारवाला टॉम लीडन आणि ड्रमर रँडल मार्शला बोलावून घेतलं, हार्टब्रेकर्सच्या तालमीच्या जागेत दोनेक आठवडे बसले आणि एप्रिल 2008 मध्ये यांचा पहिलावहिला अल्बम आला. बँड काढल्यावर अडतीस वर्षांनी! अमेरिकेच्या बिलबोर्ड अल्बम यादीत आठव्या नंबरला गेला होता.

मी टँपात राहते, काम सेंट पीटर्सबर्गला, रोज हॉवर्ड फ्रँकलंड पुलावरून. अल्बम तासाच्या जरा आत संपतो, त्यामुळे जाताना अर्धा आणि येताना अर्धा असं आपोआपच बसलंय. सुरुवातीला नुसता वैताग यायचा, विशेष करून क्रिस्टल रिव्हरचा. साडेनऊ मिनिटांचं गाणं, आणि नेमकं पुलावर चढले की सुरू व्हायचं. पहिले चार महिने मी ते पुढेच ढकलत होते.

जुलैमध्ये एकदा पुलावर पाऊस असा कोसळला की पुढच्या गाडीचे लाल दिवे सोडून काही दिसेना, सगळं ट्रॅफिक ठप्प, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरलेले त्यामुळे गाणं पुढे ढकलायचं राहून गेलं. त्या दिवशी ते पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. कोणालाच घाई नाहीये हो त्यात! शब्द थोडेसेच आहेत, मग दोन गिटार एकमेकांना वाट देत सावकाश पुढे सरकतात, टेंच कीबोर्डवर खालून सूर भरत राहतो आणि बास गिटार अगदी शांतपणे चालत राहतो. तो बास पेट्टीचा आहे. हार्टब्रेकर्समध्ये तो गिटार घेऊन पुढे उभा असायचा, इथे तरुणपणी वाजवायचा तो बास परत गळ्यात घातलाय. आमच्या इथून दीडेक तासावर क्रिस्टल रिव्हर नावाचं गाव आहे, जानेवारीत आम्ही तिथे मॅनटी बघायला गेलो होतो. थंडीत समुद्र गार पडला की ती अवाढव्य जनावरं झऱ्यांच्या कोमट पाण्यात येऊन नुसती तरंगत पडलेली असतात, मध्येच एखादं नाक वर काढून श्वास सोडतं आणि परत खाली जातं. माझ्यासाठी ते गाणं आता तिथलंच झालंय. तेव्हा पहिलं मत मागे, हे गाणं ढकलू नका.

आता माझी खरी तक्रार. चौदा गाणी आहेत आणि टॉम लीडनच्या वाट्याला स्वतःचं असं फक्त एक, नवव्या नंबरवरचं, क्वीन ऑफ द गो-गो गर्ल्स. माणूस 1972 लाच बँड सोडून कॅलिफोर्नियाला गेला होता, सख्खा भाऊ बर्नी लीडन ईगल्स बँडच्या पहिल्या चौघांतला, आणि हा पुढे नॅशव्हिलला गिटार शिकवायचा. पस्तीस वर्षांनी बोलावता आणि एकच गाणं देता? आठ महिने रोज ऐकून सांगते, हे मला खटकलं ते खटकलंच. बरं, ते एक गाणंही मला आधी अजिबात आवडलं नव्हतं, मुलगी मागे बसलेली असली की मी आवाज बारीक करायचे. मग कळलं की ही पोरं गेन्सव्हिलला डब्ज नावाच्या बारमध्ये रात्ररात्र वाजवायची आणि तिथे नाचणाऱ्या मुली असायच्या. त्यानंतर ते गाणं वेगळंच ऐकू यायला लागलं, त्यात कुठेही खवचटपणा नाही, जुनी ओळखीची माणसं आठवावीत तसं गातो तो.

आणि तो इतर गाण्यांत काय करतो ते कळायला मला सप्टेंबर उजाडला. माझे आजोबा तासगावकडे भजनात झील धरायचे. जन्मात कधी एकट्याने अभंग म्हणला नाही त्यांनी, पण ते नसले की बुवांचा आवाज उघडा पडायचा, हे गावातलं कोणीही सांगायचं. पहिलंच गाणं शेडी ग्रोव्ह, जुनं पारंपरिक, ते लावा आणि पेट्टीला सोडून त्याच्या शेजारच्या आवाजाकडे कान लावा. तो झील धरणारा माणूस म्हणजे लीडन. पेट्टीचा आवाज मुळात नाकातला आणि कोरडा, पण याचा आवाज खेटून आला की तोच आवाज पोरसवदा होतो. हे हार्टब्रेकर्सच्या रेकॉर्डवर मला कधी ऐकू आलं नव्हतं. म्हणून जे लोक म्हणतात की हा पेट्टीचाच अजून एक अल्बम आहे, नाव तेवढं वेगळं, त्यांचं मला अजिबात पटत नाही. माझा नवराही त्यातलाच, त्याच्याशी यावरून दोनदा वाजलंय.

बाकी गाण्यांत ऑर्फन ऑफ द स्टॉर्म मला जड जातं. वादळात सगळं गमावलेल्या माणसाचं गाणं आहे, आणि मिल्टन चक्रीवादळाच्या वेळी ऑक्टोबर 2024 ला आम्ही रात्री दोन बॅगा आणि कागदपत्रांची फाइल घेऊन ओकालाकडे निघालो होतो, आमचं घर वाचलं, पण रस्त्यावरचे ते दिवे आणि पेट्रोलच्या रांगा विसरत नाहीत. सिक्स डेज ऑन द रोड हे जुनं ट्रकवाल्यांचं गाणं मस्त सुसाट आहे. टोपांगा काउगर्ल ठीकठाक. जून ॲपलमध्ये शब्दच नाहीत, पण पटकन संपतं याचं वाईट वाटतं.

तक्रारीबद्दल एक भर. 2016 ला यांचा दुसरा अल्बम आला, तो मी ऑगस्टमध्ये घरी ऐकला, आणि त्यात पाचही जणांना स्वतःचं गाणं आहे, अगदी ड्रमर मार्शलासुद्धा. म्हणजे माझी तक्रार त्यांनी आठ वर्षांनी का होईना दूर केली, पण लीडनला तिथेही पुढे उभं राहून गायला एकच मिळालं. पेट्टी 2017 ला गेला, लीडन 2023 च्या मार्चमध्ये. तिसरा अल्बम होणं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मागच्या शनिवारी मुलीला पोहायला सोडायला चालले होते. एरवी "आई, परत तेच?" म्हणून तोंड वाकडं करते ती. शेडी ग्रोव्ह लागलं आणि मागून गुणगुणणं ऐकू आलं. आरशात बघितलं तर खिडकीबाहेर बघत, ओळीचा शेवट लांबवत म्हणत होती, आणि पेट्टीची चाल नाही, शेजारची, लीडनची. मी काही बोलले नाही, बोलले असते तर थांबली असती.

या महिन्यात ते 120 डॉलर एकदाचे देऊन सीडी काढून घ्यावी असं मनात होतं. आता राहू दे.