कांडवेल, सोयाबीन, जवस: पाळी गेल्यानंतर हाडांसाठी वर्षभराहून जास्त घेतलं, त्याचा अनुभव

पाळी थांबल्यावर कोथरूडमध्ये डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घेतली. मणक्याचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत आपलं हाड किती विरळ, त्याचा आकडा) उणे १.९ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार; माझा त्याच्या अलीकडचा, ऑस्टिओपेनिया. डॉक्टर म्हणाल्या, लगेच औषध नको, आहार-व्यायाम सांभाळा, पुन्हा तपासू. त्यांना विचारूनच हे सगळं सुरू केलं.

आधी कांडवेल, म्हणजेच हाडजोड. रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून चूर्ण आणलं आणि दुधातून घेऊ लागले. चव तुरट, नकोशी. मग बाल्कनीत एक कांडं खोचलं, वेल भराभर वाढली. कोवळी कांडी घ्यायची, हाताला तेल लावून सोलायची, कारण त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या क्षारामुळे खाज सुटते. तिळाच्या तेलात खरपूस परतून चिंच घालून चटणी केली की घसा खवखवत नाही. घरात सगळे आवडीने खातात.

गुडघ्यांची कुरकुर कमी झाली, हे खरं. पण मैत्रिणींनो, हाडं विरळ होताना दुखत नाहीत. हाड मोडेपर्यंत पत्ताही लागत नाही. त्यामुळे दुखणं थांबलं म्हणून हाडं भरली, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कांडवेलीवरचे बरेचसे प्रयोग उंदरांवरचे आहेत, माणसांवरचे थोडे आणि लहान.

सोयाबीनमागचं कारण मला जास्त पटतं. इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक हाडं झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतं. ते कमी झालं की पहिली काही वर्षं झीज सर्वांत वेगाने होते. सोयातली आयसोफ्लेवोन्स नावाची, इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं पेशींवरच्या इस्ट्रोजेनच्याच ग्राहकांना (रिसेप्टर्सना) चिकटतात, पण फार हलकेपणाने, आणि आतड्यातल्या जिवाणूंप्रमाणे प्रत्येकीला गुण वेगळा येतो. मी दळणात थोडं सोयाबीन घालते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सोया आणि कॅल्शियम त्या गोळीपासून चार तास तरी लांब ठेवावं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आयसोफ्लेवोन्सच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नकोत.

जवसाची चटणी पोटासाठी उत्तम. हाडांचं म्हणाल तर भिस्त नाचणीवर: शंभर ग्रॅम पिठात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे एका भाकरीत दीडशेच्या वर. शिवाय तीळ, दूध, ताक. ड जीवनसत्त्व रक्तात कमी निघालं, त्याची गोळी डॉक्टरांनी दिली. सकाळी पर्वती चढते, आणि वजनं उचलायला शिकले.

दुसऱ्या डेक्सात, त्याच मशीनवर, उणे १.८. एवढा फरक मोजणीतलाही असू शकतो, म्हणून मी त्याला ‘टिकलं’ म्हणते, ‘वाढलं’ नाही. या वयात टिकणं मला मोलाचं वाटतं, पण त्याचं श्रेय एकट्या कांडवेलीला देता येत नाही.

चूर्ण बंद केलंय, चटणी चालू आहे. ज्यांचा स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आहे किंवा साध्या पडण्याने मनगट मोडलंय, त्यांनी डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडून यातलं काहीही घेऊ नये.