लॅपरोस्कोपिक लिव्हर सर्जरीतलं नेव्हिगेशन : काही महिन्यांच्या वापरानंतर

लॅपरोस्कोपिक, म्हणजे दुर्बिणीतून होणाऱ्या लिव्हर सर्जरीत वाट दाखवणारी नेव्हिगेशन यंत्रणा आमच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) येऊन काही महिने झाले. घ्यावी का, असं बरेच सर्जन मित्र विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पेशंटच्या सीटीवरून लिव्हरचं थ्रीडी मॉडेल तयार होतं. त्यात गाठी, पोर्टल व्हेनच्या (लिव्हरमध्ये रक्त आणणाऱ्या शिरेच्या) फांद्या आणि हिपॅटिक व्हेन्स (रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा) वेगवेगळ्या रंगांत दिसतात. टेलिस्कोपला, म्हणजे पोटात घालायच्या दुर्बिणीला लावलेले चकाकणारे गोळे बाहेरचा कॅमेरा टिपतो. फाल्सिफॉर्म लिगामेंट (लिव्हरला पोटाच्या पुढच्या भिंतीशी जोडणारा पडदा), लिव्हरची खालची कडा अशा खुणा दाखवल्या की मॉडेल समोरच्या चित्रावर बसतं. गोळ्यांना रक्त लागलं किंवा मध्ये कुणाचं डोकं आलं, की ट्रॅकिंग तुटतं.

खरा प्रश्न लिव्हरच्या मऊपणाचा आहे. सीटी श्वास रोखून काढलेला असतो. ओटीत मात्र 12 मिमी पाऱ्याच्या दाबाने पोटात गॅस भरलेला असतो, त्याने लिव्हरचा आकार बदलतो आणि श्वासागणिक ते हलतंही. भूलतज्ज्ञांनी काही क्षण व्हेंटिलेटर थांबवला तरच जुळवणी नीट होते. तरीही सेंटीमीटरभर फरक राहू शकतो. सेगमेंट 7 किंवा 8 साठी (लिव्हरच्या उजवीकडच्या वरच्या भागांसाठी) उजवी बाजू आजूबाजूच्या बंधांतून सोडवून लिव्हर फिरवलं, की फरक आणखी वाढतो. पडद्यावर व्हेनची निळी रेघ एकीकडे दिसते आणि अल्ट्रासाउंडचा प्रोब ठेवल्यावर व्हेन भलतीकडेच सापडते. अशा वेळी मी डोळे झाकून प्रोबवर विश्वास ठेवतो. रेघ पाहून एकही पेडिकल (लिव्हरच्या एखाद्या भागाला रक्त पुरवणारा नळ्यांचा जुडगा) क्लिप करू नका, हे आमच्या रेसिडेंट्सना मी पुन्हा पुन्हा सांगतो.

मग पैसे वाया गेले का? अजिबात नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठी लिव्हरमध्ये पसरलेल्या असतात, तेव्हा केमोनंतर काही गाठी स्कॅनमध्ये दिसेनाशा होतात, पण तिथे जिवंत पेशी उरलेल्या असू शकतात. केमोआधीच्या सीटीचं मॉडेल असलं तर प्रोब नेमका कुठे फिरवायचा ते कळतं. लॅपरोस्कोपीत हाताने चाचपता येत नाही, त्यामुळे ही मदत मला फार मोलाची वाटते. आदल्या संध्याकाळी मॉडेल फिरवत रेसिडेंट्सबरोबर छेदाची दिशा ठरवणं, हा दुसरा मोठा फायदा.

सेगमेंटची हद्द पाहायला आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन हा खास कॅमेऱ्यात चमकणारा डाय) मला जास्त भरवशाचं वाटतं. पेडिकल बंद करून शिरेतून डाय दिला, की बाकीचं लिव्हर हिरवं चमकतं आणि काढायचा भाग काळा राहतो. लिव्हर कितीही हललं तरी ही खूण त्याच्याबरोबरच हलते. मात्र ते सेंटीमीटरभर खोलीच्या पलीकडचं दाखवत नाही, आणि सिरॉसिसमध्ये साध्या गाठीही चमकतात. या डायमध्ये आयोडीन असतं, म्हणून आयोडीनची ॲलर्जी आधी विचारून घ्या.

लॅपरोस्कोपिक अल्ट्रासाउंडवर हात बसलेला नसेल, तर आधी चांगला प्रोब घ्या आणि तो वापरायला शिका. डेमो घट्ट प्लास्टिकच्या मॉडेलवर होतो, तिथे सगळं तंतोतंत जुळतं. उजवी बाजू सोडवल्यानंतर अचूकता किती उरते, ते विकणाऱ्याला तुमच्याच ओटीत दाखवायला सांगा.