नाशिकहून हॅम्बर्गला जहाजाने नेलेला संसार: सात-आठ महिने वापरल्यानंतर

इंदिरानगरच्या भरल्या घरातून आम्ही फक्त दोन घनमीटर सामान जहाजाने हॅम्बर्गला नेलं. बाकीचं विकलं, वाटलं, थोडं पंचवटीत सासूबाईंकडे ठेवलं. आता तिकडचा एक अख्खा हिवाळा काढून झाला आहे. कोणती वस्तू रोज हाताला लागते आणि कोणती अजून कपाटाच्या वरच्या फळीवर आहे, हे आता खात्रीने सांगता येतं. सध्या सुट्टीत नाशिकला आहे आणि धाकटी जाऊ म्युनिकला जायची तयारी करते आहे, म्हणून सगळं ताजं असतानाच लिहून काढते.

माझं मत आधीच सांगते. जहाजाने सामान नेणं परवडतं, फक्त वस्तू निवडताना ती केवढ्याला घेतली होती हा विचार सोडा आणि ती किती जागा अडवते ते बघा.

थोडं सामान पाठवायचं असेल तर ते इतरांच्या सामानाबरोबर एका कंटेनरमधून न्हावा-शेवाहून जातं. पॅकर्स याला एलसीएल म्हणतात आणि दर सीबीएमवर, म्हणजे घनमीटरवर सांगतात. एका घनमीटरला एक टन वजन होईपर्यंत भाडं जागेवरच धरतात. हिशेब असा करा: 60 बाय 45 बाय 45 सेंटिमीटरचा खोका म्हणजे 0.12 घनमीटर. समजा सीबीएमचा दर 30,000 रुपये आहे, तर या एका खोक्याचे झाले साधारण 3,650 रुपये. त्यात उशा भरा नाहीतर पितळी समया, भाडं तेवढंच. हाच खोका विमानाच्या कार्गोने पाठवला तर लांबी, रुंदी, उंची गुणून 6000 ने भागतात. म्हणजे आत नुसता कापूस असला तरी 20 किलोचे पैसे, आणि पुस्तकं असली तर जे खरं वजन भरेल त्याचे. म्हणून जड, सपाट आणि एकात एक बसणारं सामान जहाजाने न्यावं. फुगीर वस्तू कशानेच नेऊ नयेत. घरच्या कुरडया आणि नाशिकचा चिवडा आम्ही खोक्यांतून काढून ठेवला तो याच हिशेबाने. चिवड्याचं एक पाकीट हातातल्या बॅगेत गेलं, तेवढं पुरलं.

स्वयंपाकघराबद्दल सविस्तर सांगते, कारण खरा पैसा तिथेच वसूल झाला.

रोज लागतात त्या वस्तू: पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा, लोखंडी सपाट तवा, सांडशी, झारा, किसणी आणि छोटा लोखंडी खलबत्ता. यातलं एकही मोठं नाही. डब्याच्या वाट्यांमध्ये गोड्या मसाल्याच्या पुड्या, कुकरमध्ये वाट्या, पातेल्यात पातेली असं भरलं की एका खोक्यात निम्मं स्वयंपाकघर मावतं. कुकरच्या रिंगा, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह भरपूर घ्या. मुठीत मावणारं हे सामान आहे, पण रिंग सैल झाली आणि दुसरी मिळाली नाही तर कुकर नुसता पडून राहतो.

आता भांडी. आमच्या भाड्याच्या घरात इंडक्शनची शेगडी आहे. तिच्यावर ॲल्युमिनियम, तांबं, पितळ यांतलं काही तापत नाही. स्टीलचंही प्रत्येक भांडं चालेलच असं नाही. जेवणाच्या भांड्यांचं चांगलं, 304 ग्रेडचं स्टील लोहचुंबकाला धरत नाही, त्यामुळे अशा पातेल्याला खाली वेगळा चुंबकीय तळ जोडलेला असेल तरच ते चालतं. भांडी बाजारात जाताना फ्रिजवरचा एक चुंबक पर्समध्ये टाका. भांडं उलटं करा, तळाला चुंबक लावा. टक्कन बसला तर घ्या, घसरला तर ठेवून द्या. परवा जाऊबाईला घेऊन गेले तेव्हा तिने पसंत केलेल्या पातेल्यांच्या उतरंडीतली बहुतेक बाद झाली. ‘ताई, मग वरण कशात करू?’ म्हणून तिचा चेहरा पडला. पुढच्याच दुकानात जाड तळाचा स्टीलचा कुकर मिळाला, त्याला चुंबक असा चिकटला की ओढून काढावा लागला. काही घरांत इंडक्शन नसते, काचेखाली तापणारी साधी इलेक्ट्रिक शेगडी असते. तिथे धातूची अट नाही, पण तळ सपाटच हवा. गोल बुडाची कढई दोन्हीकडे निकामी.

तांबट लेनमधून घेतलेला तांब्याचा हंडा म्हणूनच न्यावासा वाटला तरी नेला नाही. पाण्याचा छोटा तांब्या आणि देवातली समई नेली. दोन्ही रोज वापरात आहेत.

मिक्सर नेला आणि उत्तम चालतो आहे. जर्मनीतही आपल्यासारखीच 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ वीज आहे, फरक फक्त पिनांचा. अर्थिंग असलेलं ॲडॉप्टर घ्या किंवा तिकडचा प्लग बसवून घ्या. अमेरिका-कॅनडाला जाणाऱ्यांनी मात्र मिक्सरला हात लावू नये. तिकडे 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ असते, आपला मिक्सर नीट चालणार नाही.

वरच्या फळीवर राहिलेलं म्हणजे सोऱ्या, मोदकपात्र आणि पुरणयंत्र. तरी यांतलं सोऱ्या आणि पुरणयंत्र मी पुन्हा नेईन. दिवाळीला चकल्या केल्या तेव्हा मजल्यावरची सगळी मुलं आमच्याकडे होती. मोदकपात्राची गरज नाही, मोठ्या पातेल्यावर चाळणी ठेवून मोदक होतात.

गोधड्यांना व्हॅक्यूमच्या पिशव्या वापरल्या. सासूबाईंच्या जुन्या नऊवारीची गोधडी हवा काढल्यावर पाटाएवढी सपाट झाली. तिकडे पिशवी उघडून दोन दिवस पसरून ठेवली, की पूर्ववत. आम्ही सामान आषाढात बांधलं, त्यामुळे प्रत्येक खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि कपडे आधी कडकडीत वाळवून घेतले. पावसाळ्यात बांधत असाल तर यात कसूर नको. कंटेनरमध्ये ओल धरते. वेळही भरपूर लागतो. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि एलसीएलला कंटेनर भरेपर्यंत थांबावं लागतं ते वेगळंच. दोन महिन्यांहून जास्त काळ खोक्यांशिवाय काढायचा आहे असं धरून चाला.

मुलीची मराठी पुस्तकं नेली आणि त्यांचा सर्वात जास्त आनंद झाला. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, पण सात वर्षांचं मूल पीडीएफ घेऊन लोळत वाचत नाही. पुस्तकं लहान खोक्यांत भरा, मोठा खोका दोघांनाही उचलत नाही.

कपड्यांचं थोडक्यात. निफाडच्या थंडीत चालणारे स्वेटर तिकडे घरात चालतात. बाहेर वारा आणि पाऊस अडवणारं जाकीट लागतं, ते तिथेच घ्या. चष्म्याचा जास्तीचा जोड इथून करून न्या. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सोबतच्या बॅगेत ठेवा, जर्मनीत स्वतःपुरती तीन महिन्यांची चालतात. तूप, पेढे, खवा नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. सुकं खोबरंही विमानाच्या बॅगेत टाकू नका. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून ते धोकादायक मालात धरतात.

कस्टम्सचा नियम जाण्याआधी सहा महिने माहीत असायला हवा. घर हलवताना नेलेल्या घरगुती सामानावर युरोपियन युनियनमध्ये कर लागत नाही, पण सामान निदान सहा महिने तुमच्या वापरात असलेलं हवं, तुम्ही निदान बारा महिने युनियनबाहेर राहिलेले हवेत आणि राहायला गेल्यापासून बारा महिन्यांच्या आत ते आणायला हवं. आणल्यावर वर्षभर विकताही येत नाही. त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात घेतलेली कोरी भांडी या सवलतीत बसत नाहीत. आत्ताच घ्या आणि वापरायला लागा, हेच मी जावेला सांगितलं. लाकडी पेटी बांधणार असाल तर तिच्यावर गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाचा शिक्का हवा. लाकूड उष्णता किंवा धुरी देऊन कीडमुक्त केल्याची ती खूण असते.

आता पैसे. सगळ्यात स्वस्त दर सांगणाऱ्या एका एजंटचं कोटेशन फक्त हॅम्बर्ग बंदरापर्यंत होतं. उतरवण्याचा, कस्टम्सचा, गोदामाचा आणि घरपोच आणण्याचा खर्च त्यात नव्हता आणि हे तो आपणहून बोलला नाही. विचारल्यावर ‘तिकडचं तिकडे बघू’ असं उत्तर आलं. सामान हातात पडेपर्यंत जिवाला घोर लावणारी ही पद्धत आहे. मला तिचा राग आहे. दारापासून दारापर्यंतचा दर लेखी घ्या आणि लिफ्ट नसेल तर जिना चढवण्याचे पैसे त्यात आहेत का तेही विचारा. विमा घेताना बघा, स्वतः बांधलेल्या खोक्यातली फुटतूट बहुतेक कंपन्या भरून देत नाहीत. काचेचं सामान पॅकर्सकडूनच बांधून घ्या.

सामानाचा खर्च ठरवण्याआधी तिकडे उतरल्यावर लागणारी रक्कम बाजूला काढा आणि तिला हात लावू नका. जर्मनीत घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकतं. कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं, हे घरमालकाला विचारायला लाजू नका. अनेक घरं अक्षरशः रिकामी मिळतात, छताला दिवे नसतात, कधीकधी ओटा आणि सिंकही नसतं. पगार बहुधा महिनाअखेरीस येतो. रेडिओ-टीव्हीची वर्गणी म्हणून घरामागे महिन्याला 18.36 युरो जातात, टीव्ही असो वा नसो. आम्ही फ्रिज, वॉशिंग मशीन आणि सोफा इथे विकून आलेले पैसे याच कप्प्यात टाकले आणि पहिले दोन महिने त्यांवरच निघाले.

जाऊबाईची यादी आता दीड घनमीटरवर आली आहे. सोफ्याच्या उशा अजून यादीत आहेत, त्या काढल्या की आणखी एक खोका पुस्तकांना मोकळा होईल. माझ्या परतीच्या 23 किलोच्या बॅगेत कुकरच्या रिंगा, गोडा मसाला, मुलीचा नवा चष्मा आणि उरलेल्या वजनात गोष्टींची पुस्तकं आहेत.