सेंटर फॉर अल्टरनेटिव्ह टेक्नॉलॉजी, वेल्स: आईबाबांना घेऊन गेलो होतो

2019 च्या उन्हाळ्यात आईबाबा नाशिकहून आमच्याकडे बर्मिंगहॅमला आले होते, तेव्हा किल्ले-राजवाडे सोडून मी त्यांना या सेंटरला नेलं, जिथे कमी ऊर्जेत, निसर्गाला धरून कसं राहता येतं ते दाखवतात, आणि अजूनही घरात त्या दिवसाचा विषय निघतो म्हणून लिहितोय. मखन्थ्लेथ या वेल्समधल्या गावापर्यंत थेट ट्रेन, पुढे तीनेक मैल. 1973 मध्ये एका बंद पडलेल्या स्लेटच्या खाणीत हे सेंटर सुरू झालं. स्लेट म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड, बाबा एक तुकडा उचलून त्यावर नखाने रेघा मारून बघत बसले.

डोंगरावर जायला पाण्यावर चालणारी छोटी रेल्वे होती. दोन डबे एका केबलला बांधलेले, वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली येतो आणि खालच्याला वर ओढतो, खाली आल्यावर पाणी सोडून द्यायचं. बाबा लगेच म्हणाले, अरे हा तर दोन बादल्यांचा रहाट!

पण खरं शिकायला मिळालं ते घराच्या डिस्प्लेमध्ये. भिंत उघडी करून आत काय काय भरतात ते दाखवलेलं, मेंढीची लोकर, जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा. आईने लोकरीत हात घातला आणि म्हणाली, भिंतीला गोधडीच घातलीय की, आमची आजी भाताचं पातेलं अशीच गुंडाळून ठेवायची. मी दहा बोर्ड वाचून जे कळलं नसतं ते तिच्या त्या एका वाक्यात कळलं. आधी ऊब बाहेर जायची थांबवा, सोलर आणि हीट पंप नंतर. हीट पंप म्हणजे बाहेरची ऊब घरात ओढून आणणारं यंत्र, तो एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो हे खरंय, पण घरच गळकं असेल तर काय उपयोग? सेंटरच्याच वाइज नावाच्या इमारतीतली 7.2 मीटर उंच, धुमसाने ठोकून केल्यासारखी मातीची भिंत पण बघण्यासारखी, बाबा तिला हात लावून आपल्या वाड्याबद्दल बोलत राहिले.

2022 ला यूकेत गॅसचे भाव भडकले तेव्हा एक कंपनीवाला मला घर तापवणारा नवीन गॅस बॉयलरच घ्या म्हणून मागे लागला होता. मी ऐकलं नाही, आधी माळ्यावर चढलो. तिथे ऊब अडवणाऱ्या भरावाचा जेमतेम चार इंचाचा थर होता, तो यूकेत सांगतात तसा 270 मिलिमीटर केला, दारांच्या फटींना पट्ट्या लावल्या. त्या हिवाळ्यात पोरं पहिल्यांदा घरात स्वेटर न घालता अभ्यासाला बसली.

वाईट एवढंच वाटतं की नोव्हेंबर 2023 पासून नुसतं बघायला येणाऱ्यांसाठी सेंटर बंद झालं. पोरं लहान होती, त्यांना पुन्हा न्यायचं राहूनच गेलं. कोर्सेस मात्र त्यानंतरही सुरू ठेवलेत, तेव्हा यूकेमध्ये जुनं घर घेतलेल्या आपल्या लोकांनी जमलं तर एखादा करा, आणि बॉयलरवाल्याला फोन करायच्या आधी करा.